मजकूर नसलेला बाण

त्यांच्यावर मी आजही रागावलेला आहे, आणि हे वाक्य लिहून झाल्यावर मला बरे वाटत नाही. गेलेल्या माणसावर रागावण्यात एक अन्याय असतो. त्याला उलट बोलता येत नाही. शिवाय माझ्या घरी आणि कचेरीत मी शांत माणूस म्हणून ओळखला जातो. मोठ्या आवाजात मी आयुष्यात एकाच माणसाशी बोललो आहे, आणि त्यानेच मला माझे काम शिकवले होते. हा राग कितपत न्याय्य आहे, हे मी वर्षानुवर्षे तपासत आलो. दर वेळी त्यातला काही भाग गळून पडतो आणि काही तसाच राहतो. जो राहिला आहे त्याविषयी, शक्य तितक्या सरळपणे, लिहावे असे वाटते.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत, एका सायकलच्या दुकानावर त्यांची कचेरी होती. इमारतींचे नकाशे काढून देणे हा त्यांचा व्यवसाय. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणत असू. गावातले गवंडी, सुतार आणि ठेकेदारही तेच म्हणत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, स्थापत्याची पदविका घेऊन मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला काय येते हे विचारले नाही. माझा तळहात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “कोळसा धरला का रे कधी?”

नकाशे काढणाऱ्या माणसाच्या खिशात पेन असावे अशी आपली अपेक्षा असते. सरांच्या खिशात कागदात गुंडाळलेला कोळशाचा तुकडा असे. त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला काळे पडलेले होते. बांधकामावर गेले की ते कोळशाने थेट भिंतीवर लिहीत, रेघा मारीत, कधी फुली मारून पुढे जात. कचेरीत मात्र त्यांच्या नकाशावर एक डाग चालत नसे. चहाचा कप टेबलावर दिसला की कप, चहा आणि चहा आणणारा, तिघांचाही उद्धार होई.

भर दुपारी ते पश्चिमेच्या भिंतीला गाल लावून उभे राहत. घरमालक, घरमालकाची बायको, शेजारी, सारे पाहत असत; सर डोळे मिटून उभे. मग वळून ते एखाद्या डॉक्टरसारखे सांगत, “ताप आहे हिला. अशा खोलीत म्हाताऱ्याले निजवसान तर पाप लागन तुले.” ऐकणारा घरमालक बहुधा चाळिशी उलटलेला, चांगला कमावता माणूस असे. त्याला एकेरीत हाक मारण्याचा हक्क सरांना कोणी दिला होता, कळत नाही. पण कोणी तो नाकारल्याचेही मला आठवत नाही.

राग हा त्यांचा नेहमीचा आवाज होता. ते इतर आवाजांत बोललेच नाहीत असे नाही, पण त्यासाठी त्यांना प्रयत्न करावा लागे. काही शब्दांवर त्यांचा विशेष दात होता. आमच्या धंद्यात एक खिडकी काढून बाकीच्या तशाच समजाव्यात म्हणून ‘टिपिकल’ असे लिहिण्याची पद्धत आहे. मी एकदा तसे लिहिले. सरांनी कागद उचलून उजेडात धरला.

“टिपिकल खिडकी? एक उत्तरेले, एक उकिरड्याकडं, अन् दोघी टिपिकल?”

“सर, मापं सारखीच आहेत.”

“माप तर तुह्यं अन् माह्यंही सारखंच आहे. मंग मी तुह्या घरी जाऊन जेवू का?”

मी ते खोडले. तो शब्द मी पुढे कित्येक वर्षे वापरला नाही, आणि ज्या दिवशी पुन्हा वापरला त्या दिवशी उगाचच मागे वळून पाहिले.

आता त्या बाणांविषयी. इमारतीच्या नकाशात एखाद्या जागेकडे बोट दाखवायचे असले की बाण काढतात. बाणाचे टोक त्या जागेवर असते आणि शेपटाशी मजकूर असतो: नऊ इंची वीटकाम, शहाबादी फरशी, सागवानी चौकट. सरांच्या नकाशांतही असे बाण असत. पण प्रत्येक नकाशात दोनतीन बाण असे निघत, की ज्यांच्या शेपटाशी काहीच लिहिलेले नसे. टोक एखाद्या भिंतीवर, कोपऱ्यावर किंवा पायरीवर टेकलेले, आणि दुसऱ्या बाजूला कोरा कागद.

पहिल्यांदा मला वाटले, लिहायचे राहून गेले असेल. मी आपण होऊन विचारले, “इथं काय लिहू, सर?”

“मले माहीत असतं तर मीच नसतं का लिहिलं?” ते म्हणाले. “जे मले इथी बसून कळत नाई, तिथी बाण. मिस्त्री तिथपर्यंत आला की थांबन. मले बोलावन. मी जाईन, पाहीन, अन् भिंतीवर लिहून देईन.”

चंद्रपूरचे गवंडी हा नियम जाणून होते. रिकामा बाण आला की काम थांबवायचे आणि सरांना निरोप धाडायचा. हमीदभाई नावाचे ठेकेदार सरांची बरीच कामे करीत. त्यांचे वडील, चुलते, भाऊ सगळे याच कामातले. ते नकाशा हातात आला की आधी रिकामे बाण शोधत आणि कपाळाला हात लावत. “सर, इस बार तीन हैं. पिछली बार दो में छोड़ दिया था आपने.” सर म्हणत, “तू सुधरला नाईस म्हणून वाढवला एक.”

या सवयीचे मूळ वडसा या गावी आहे, असे सर सांगत. त्यांचे बालपण तिथले. थंडीच्या दिवसांत तिथून झाडीपट्टीची नाटके गावोगाव निघत, आणि तरुणपणी सर त्यांपैकी एका मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून नटाला विसरलेले वाक्य पुरवायचे, हे काम. “पुरं वाक्य सांगणारा प्रॉम्प्टर नटाले मारते,” असे ते म्हणत. “आपुन नुसतं बोट दाखवाचं. कोणाकडं पाहाचं ते कळलं की वाक्य त्याचं त्याले आठवते.” ते चांगले प्रॉम्प्टर होते की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या वयाच्या एका नटाने मला हसत हसत सांगितले, की सरांमुळे एकदा खलनायक रंगमंचावर एवढा वेळ गप्प उभा होता, की प्रेक्षकांनी त्याला शिट्ट्या मारल्या आणि त्याने शेवटी स्वतःच्या मनाने माफी मागून टाकली. नाटक तिथेच संपले.

तशी फजिती बांधकामावरही होई. बाजारातल्या एका कापडवाल्याच्या जिन्याच्या वरच्या टोकाशी रिकामा बाण होता. गवंडी तिथपर्यंत पोहोचले तेव्हा सर नाटके पाहायला वडशाला गेलेले, तिथून पुढे आणखी कुठे तरी. जिना हवेत थांबला. वरच्या मजल्यावर कापडाचे गठ्ठे शिडीने चढवले जाऊ लागले. कापडवाला रोज आमच्या कचेरीत येऊन माझ्यासमोर बसे आणि म्हणे, “तुम्हीच सांगा ना भाऊ, जिना वर जाते की खाली, एवढं तर ठरलेलं आहे ना?” सर परतल्यावर तिथे गेले, जिन्याच्या टोकाशी डोके टेकून उभे राहिले आणि दोन पायऱ्या उलट वळवायला लावल्या. त्या वळवल्या नसत्या तर गठ्ठा घेतलेल्या माणसाचे डोके तुळईवर आपटले असते. कापडवाल्याने हात जोडले. ते आभाराचे होते की सुटकेचे, हे मी ठरवू शकलो नाही.

कचेरीत संगणक आला तेव्हा सरांनी त्याच्याशी भांडणानेच सुरुवात केली. हाताने काढलेले नकाशे सरकारी कचेऱ्या घेईनाशा झाल्या होत्या, फ्लॉपी मागत. मी ते काम नागपुरात शिकून आलो होतो. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहत आणि पडद्यावर काळे बोट लावून मला तो पुसायला लावत. भिंती निघाल्या, दारे निघाली, जिनेही निघाले. मग बाणांची वेळ आली. टोकाची जागा दाखवली, शेपटाची दाखवली, आणि यंत्राने मजकूर मागितला. मी काही न लिहिता पुढे गेलो, तर त्याने चौकट उघडून पुन्हा मजकूर मागितला. ती चौकट बंद केली, तर बाणच नाहीसा झाला.

“कुठी गेला?”

“मजकुराशिवाय ठेवत नाही, सर.”

“म्हणजे बोलल्याशिवाय बोट दाखवू देत नाई हे? मंत्र्याच्या घरचं आहे का?”

मी नागपूरच्या शिक्षकांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, एक टिंब द्या. सरांनी टिंब नामंजूर केले; टिंब हाही मजकूर आहे, असे त्यांचे मत पडले. मग मी नुसती मोकळी जागा टाकून पाहिली. यंत्र फसले, बाण राहिला. पण छापून आल्यावर दिसले, की शेपटाला एक लहानशी आडवी रेघ उमटली आहे, मजकूर टेकण्यासाठी.

“हा ओटा कोणासाठी बांधला?” सरांनी विचारले. “कोणी बसणार नाई त्याच्यावर. काढ.”

मी पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत तेवढेच करत बसलो. अखेर आतल्या एका यादीत मला मार्ग सापडला. बाणाला काय जोडायचे याचे पर्याय तिथे होते, आणि शेवटचा पर्याय होता, ‘काही नाही’. तो निवडला की यंत्र निमूट बाण काढी आणि काही विचारत नसे. मी धावत जाऊन सरांना दाखवले. शाबासकी मिळेल असे मला वाटले होते, हे कबूल करायला हरकत नाही. सरांनी पडदा बराच वेळ पाहिला.

“‘काही नाही’ म्हणते का हे त्याले?” ते दुखावल्यासारखे म्हणाले. “एवढा मोठा बाण, अन् काही नाही?”

तरी बाण निघू लागले. आणि त्यांतल्याच एका बाणापाशी माझा राग सुरू होतो.

आरमोरीच्या पुढे, जंगलात आत, एका आश्रमशाळेत मुलींचे वसतिगृह बांधायचे होते. नकाशाचे काम सरांना मिळाले. तोवर त्या मुली वर्गांतच बाके सरकवून निजत. सर दोनदा तिथे जाऊन आले, आणि मुलींच्या निजण्याच्या दालनाचा नकाशा त्यांनी फार मन लावून केला. फक्त मागच्या भिंतीवर रिकामा बाण राहिला. त्या भिंतीमागून जंगलात जाणारी एक वाट होती. वारा तिकडूनच येई.

“या भिंतीचं मले कळत नाई,” सर म्हणाले. “हिवाळ्यात वाट मोकळी दिसते. मोहाची फुलं पडाले लागली की तिथी काय होते ते पाहून सांगीन.”

पण संबंधित खात्याला मार्चअखेर गाठायची होती, आणि मोहाची फुले त्याच सुमाराला पडू लागतात; ती पाहून यायचे तर मार्च हातचा जाणार. नकाशा परत आला. शेरा होता: बाण आहे, मजकूर नाही. मी सरांपुढे बसलो.

“सर, एवढंच लिहू या, ‘येथे विचारून काम करावे’.”

“बाण पाहून जो थांबत नाई, तो वाक्य वाचून थांबते का?”

“आपले मिस्त्री थांबतात, सर. पण त्या कचेरीत मिस्त्री बसलेले नाहीत. त्यांना आपला बाण कळत नाही.”

“मंग त्यायनं शिकावं.”

त्यांनी मला तीच फ्लॉपी, काही न बदलता, पुन्हा देऊन यायला सांगितले. मी दिली. यावेळी नकाशा मंजूर झाला. सर जिंकल्याच्या आनंदात होते. खाते शेवटी शिकले, असे त्यांनी सायकलच्या दुकानात जाऊनही सांगितले. काम हमीदभाईंनाच मिळाले. त्यांच्याकडून बाणासाठी निरोप येईल, याची सर, स्वतः न जाता, उन्हाळाभर वाट पाहत राहिले. निरोप आला नाही. पावसात रस्ता बंद झाला, आणि त्याच पावसात सरांना काविळीने धरले. ते उठून बसू लागले तोवर वसतिगृह पुरे होऊन मुली राहायलाही गेल्या होत्या. हमीदने भिंत कोरी ठेवली असेल, असे सर म्हणत. तो मला विचारल्याशिवाय भिंत उघडणार नाही.

पुढच्या मोहाच्या हंगामात एक दिवस, दुपारच्या वेळी, एक बाई आमचा जिना चढून वर आल्या. त्या मडावी बाई, त्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. पहाटेची गाडी धरून, दोनदा बदलून आल्या होत्या. पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसले आणि सरळ सुरुवात केली.

“सर, ते मागची खिडकी तुमी ठेवली का?”

“कोणती खिडकी?”

“हे एवढी.” त्यांनी दोन्ही हात पसरले. “आता मोह पडून राह्यला. वाटेवर मानसं, टेम्पो, दिवसभर जत्रा. खिडकीसमोरच झाड आहे, त्याच्याखाली बसतेत. पोरी कपडे बदलत नाई तिथी. निजाले जातेत तर खिडकीले घोंगड्या लावतेत. वारा बंद. दोन पोरी तापानं घरी गेल्या, त्यातली एक परत येत नाई म्हणते. बापानं सांगितलं, शाळा नको.”

सर उठले. त्यांनी नकाशा काढून टेबलावर पसरला आणि त्या भिंतीवर बोट ठेवले. “हे पाहा बाई. मी खिडकी दाखवलीच नाई. इथी बाण आहे.”

बाई वाकल्या. “हा बाण कायचा?”

“याचा अर्थ, इथी थांबा अन् विचारा.”

“कोणाले विचारा?”

“मले.”

बाईंनी मान वर केली. “तुमाले? तुमी निजता का तिथी?”

सरांच्या तोंडावर मी यापूर्वी अनेक रंग पाहिले होते. तो नव्हता पाहिला. बाई थांबल्या नाहीत. “दोनदा आले तुमी. माह्या हातचा चहा पेले. भिंती पाहिल्या, उतार पाहिला, झाडं पाहिली. आमाले एक शब्द इचारला का? मोहाच्या दिवसांत काय होते ते मी चहा पेता पेता सांगतली असती. त्याच्यासाठी उन्हाळ्याची वाट कायले पाहाची?”

सर हमीदभाईंच्या नावाने गरजले. हमीदभाईंना बोलावणे गेले. ते आले तेच हातात घडी घातलेली नकाशाची प्रत घेऊन.

“काऊन रे, बाण दिसला नाई तुले? तुले सांगितलं होतं ना, रिकामा बाण आला की…”

“रिकामा कहाँ था, सर?” हमीदभाईंनी प्रत उघडली. “ये देखो.”

बाणाच्या शेपटाशी, सुबक अक्षरांत, छापलेले होते: साइटप्रमाणे. म्हणजे, जागेवर पाहून ठरवा.

“आपने लिख दिया, मैंने समझा आपने फैसला कर दिया,” हमीदभाई म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. “साइट पे मैं खड़ा था. हवा उधर से आती थी, वाट पे चिड़िया नहीं थी. बरसात में कौन महुआ बीनता है? मैंने बच्चियों के वास्ते बड़ी खिड़की रखी. घर की लोहे की जाली लगाई, सर, अपने पास की. और आप मेरे को गाली दे रहे?”

“मी नाई लिहिलं हे!”

“नाम तो आपका है नीचे.”

होते. कोपऱ्यात, मीच टाकलेले.

दुसऱ्या दिवशी मी खात्याच्या कचेरीत गेलो. तिथले उपअभियंता सभ्य माणूस होते. त्यांनी मला बसवले, कूलर माझ्याकडे वळवला. “अहो, नुसता बाण होता, मजकूर राहून गेला होता तुमचा,” ते हसून म्हणाले. “आमच्या ऑपरेटरनं भरून घेतला. परत पाठवला असता तर मार्च गेला असता हातचा. तुमच्या सरांना म्हणावं, आभार माना आमचे.” खिडकीचे सांगितले तेव्हा ते म्हणाले, इमारत पूर्ण झाल्याचा दाखला झाला आहे, आता वीटसुद्धा हलवता यायची नाही, पडदे लावा. मी ‘बरं’ म्हणालो. त्या ‘बरं’ची मला आजही लाज वाटते, पण त्यांच्यावरचा माझा राग मी तपासला, तेव्हा तो साधा निघाला. न कळलेल्या जागेवर काहीतरी लिहून टाकणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. त्यांच्यावर रागावणे म्हणजे धुळीवर रागावण्यासारखे आहे.

सरांवरचा राग निराळा होता. कचेरीत परतल्यावर तो माझ्या तोंडून बाहेर पडला, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“तीन शब्द, सर! ‘विचारून काम करावे’. तीन शब्द लिहू दिले असते, तर त्या मुलीच्या बापानं तिला घरी ठेवली नसती. ओळखीच्या गवंड्यांसाठी तुम्ही धावत जाता, आणि अनोळखी माणसासाठी तुम्हाला एक ओळ जड झाली. तो बाण तुमचा अहंकार होता, दुसरं काही नाही!”

सर खुर्चीत बसले होते. कोळशाचा तुकडा बोटांत फिरत होता.

“मंग तू काऊन नाई लिहून टाकलं?”

“तुम्ही हात तोडला असता माझा.”

“तोडला असता,” त्यांनी मान्य केले. तुकडा टेबलावर ठेवून ते म्हणाले, “त्या बाईचं बोलणं ऐकलं तू? मी तिथी दोनदा गेलो. चहा पेलो.” मग उठले. “हमीदले सांग, घण घेऊन ये.”

त्यापुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. शासकीय इमारतीची विनापरवाना मोडतोड केली म्हणून सरांना नोटीस आली आणि त्या खात्याच्या यादीतून त्यांचे नाव गेले. पाहता पाहता इतर खात्यांनीही त्यांना बोलावणे सोडले. काही खासगी घरे मिळत राहिली. त्यांत ते घरमालकाला ओसरीवर बसवून आत स्वयंपाकघरात जात आणि त्याच्या बायकोला, आईला, मोलकरणीला नकाशा वाचून दाखवत. एवढा फरक पडला. बाण मात्र रिकामेच राहिले, शिव्या तशाच राहिल्या. माणसे एका ठोकरीने सुधारतात असे मला लिहिता आले असते, पण ते खरे नाही. मी नागपुरात नोकरी धरली. सर शेवटी वडशाला जाऊन राहिले आणि तिथेच गेले. मला कळले तेव्हा महिना उलटला होता.

मी स्वतः रिकामा बाण काढत नाही. माझ्या हाताखालच्या मुलांच्या नकाशात तो दिसला तर लाल पेन्सिलीने वर्तुळ करून परत करतो, आणि ठरलेला मजकूर घालायला लावतो. त्यात मी बरोबर आहे असे मला वाटते. सरांवरचा माझा राग, त्यांनी दिलेल्या सगळ्या धड्यांसह, तिथेच उभा आहे. फक्त दुसऱ्या बाजूला त्या एका दुपारचे पारडे आहे, आणि ते मला अजून नीट तोलता आलेले नाही.

त्या दुपारी वसतिगृहात आम्ही चौघेच होतो: सर, हमीदभाई, मडावी बाई आणि मी. मुली वर्गात होत्या. दालनात त्यांच्या सतरंज्या गुंडाळून रांगेने ठेवलेल्या. हमीदभाईंनी आपल्या हाताने बसवलेली ती लोखंडी जाळी आपल्याच हाताने उपटली. प्रत्येक ठोक्याला ते काहीतरी पुटपुटत, ते आम्ही ऐकले नाही असे दाखवले. वर, स्लॅबखाली, वाऱ्यासाठी भिंतीत विटेएवढी भोके पाडून झाली. मग खिडकी खालून भरत आणायची होती. कुठपर्यंत, हे कोणालाच सांगता येईना.

“बाई, तुमी वाटेवर जा,” सर म्हणाले, “अन् दिसते का ते सांगा.”

“काय दिसते का?”

“मी.”

एवढे बोलून त्यांनी समोरच्या भिंतीलगतची सतरंजी उलगडली, कारण खिडकी भरत आली तरी वाटेवरून तीच शेवटपर्यंत दिसणार होती, आणि ते तिच्यावर आडवे झाले. त्यांचे पाय सतरंजीबाहेर गेले. त्यांनी ते पोटाशी घेतले.

हमीदभाईंनी थर रचायला सुरुवात केली. मी बाहेर बाईंपाशी गेलो; त्या ओरडून सांगत.

“दिसते, सर!”

पुढचा थर.

“अजून दिसते! पाय दिसून राह्यले!”

वाटेवरची माणसे मोहाच्या टोपल्या ठेवून पाहू लागली. कोणीतरी विचारले, “काय चालू आहे, बाई?” बाई फाडकन म्हणाल्या, “तुमचंच चालू आहे! व्हा पुढं!” आणखी थर चढले. अखेर बाईंनी सांगितले, “आता नाई दिसत.” हमीदभाईंनी थापी खाली ठेवली. पण बाई लगेच ओरडल्या, “सायकलवर चढला कोणी तं?”

आतून सरांचा मला आवाज आला, “अरे शहाण्या, सायकलवर चढ!”

एका मोहवाल्याची सायकल मागून घेतली. ती बाईंनी घट्ट धरली आणि मी, आयुष्यात कधी झाडावरही न चढलेला माणूस, कॅरिअरवर उभा राहिलो. विटांच्या कडेला बोटे लावली आणि आत डोकावलो.

मला ते दिसले. मुलीच्या सतरंजीवर, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, घामाने निथळत ते पडले होते आणि खिडकीकडेच पाहत होते. माझी त्यांची नजर भेटली. ते रागावलेले होते. माझ्यावर नव्हे, मला वाटते, त्या क्षणी तिथे डोकावणारा जो कोणी असेल त्याच्यावर.

“दिसता, सर,” मी म्हणालो.

“मंग पाहून काय राह्यला? हमीद, चढव.”

हमीदभाईंनी सिमेंटचा मसाला टाकला, वीट ठेवली, थापीच्या दांड्याने ठोकली, दुसरी ठेवली. मी कॅरिअरवर उभाच होतो. आधी त्यांचे पाय झाकले गेले, मग काळ्या खिशाचा शर्ट. शेवटच्या विटेआधी त्यांचा चेहरा तेवढा उरला होता, आणि तो अजूनही माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. वीट बसली.

“नाही दिसत,” मी बाहेरून सांगितले.

“नक्की?”

“नक्की, सर. आता काहीच दिसत नाही.”